मिरजेचा तंबोरा: भोपळा नंतर बघा, आधी जवारी ऐका

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी भोपळ्यावर हात फिरवतं, मग दांडीवरची नक्षी न्याहाळतं, मग पॉलिशचा रंग फिका की गडद यावर चर्चा होते. कारागीर तोवर गप्प असतो. शेवटी तो वाद्य हातात घेऊन चार तारा छेडतो आणि विचारतो, "जवारी कशी ठेवू? उघडी का गोल?" इथे बहुतेकांची पंचाईत होते. गाण्याच्या क्लासमध्ये हा शब्द शंभरदा ऐकलेला असतो, पण आपल्याला ती कशी हवी हे सांगता येत नाही. जवारी म्हणजे ढोबळमानाने, तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या माथ्याचा बाक आणि त्यातून येणारा झंकार. खरं तर तुमच्या पैशांतला सगळ्यात महत्त्वाचा भाग ह्याच एका शब्दासाठी जातो. म्हणून इथे मिरजेचा चार तारांचा तंबोरा, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा डबा आणि मोबाइलमधलं ॲप, तिन्हींची पारख जवारीवरूनच केली आहे.

आधी शब्दाचं बघू, कारण त्यात घोळ आहे. सांगली-कोल्हापूर-बेळगावच्या बाजारात जवारी मिरची मिळते, जवारी कोंबडी मिळते, जवारी अंडी मिळतात. ते जवारी म्हणजे गावठी, देशी. त्या जवारीचा तंबोऱ्याशी काही संबंध नाही, ज्वारीच्या दाण्याशीही नाही. काही जण 'जव्हारी' म्हणतात आणि जवाहिराशी नातं जोडतात. ऐकायला छान, पण आधार काही नाही.

जास्त पटणारा धागा जुना आहे आणि आपल्याच मुलखातला आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात एकतंत्री वीणेच्या घोडीवर धातूची पत्रिका बसवायला सांगितली आहे, आणि तार व पत्रिका यांच्यामध्ये वेळूची बारीक काडी सरकवायला. ह्या काडीला नाव आहे 'जीवा'. आज तिच्या जागी दोरा आला, काम तेच राहिलं. कर्नाटक संगीतात तंबुऱ्याच्या ह्या दोऱ्याला अजूनही जीवा किंवा जीवाळी म्हणतात. आपल्याकडचे जुने गवई 'जिवारी' म्हणत, त्याची झाली जवारी. संस्कृतात जीवा म्हणजे धनुष्याची दोरीही. गणितातली 'ज्या' तीच. मग मुळात 'जीव' की 'दोरी' यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. कारागिरांच्या बोलण्यात मात्र तारेत 'जीव आला' किंवा 'जीव नाही' असंच येतं.

घोळ आणखी एक आहे. आज ह्या एकाच शब्दाचे तीन अर्थ होतात. घोडीच्या माथ्याला दिलेला बाक म्हणजे जवारी. 'जवारी खराब झाली' म्हणतात तेव्हा तो बाक झिजलेला असतो. तो बाक घासून नीट करण्याचं काम म्हणजेही जवारी. 'तंबोरा जवारीला टाकलाय'. आणि त्यातून निघणारा भरीव, झंकारणारा आवाज तीही जवारीच. गळ्याला जवारी आहे, आवाज जवारीदार आहे, असं गवयाबद्दल म्हणतात ते ह्या तिसऱ्या अर्थाने. दुकानात बोलताना आपण कुठल्या जवारीबद्दल बोलतोय हे स्पष्ट करा. "जवारी नीट करून द्या" एवढंच सांगितलं तर समोरचा दोरा सरकवून देईल, आणि तुम्हाला घोडी घासून हवी असेल.

आता ती होते कशी. गिटार किंवा व्हायोलिनच्या घोडीची कड धारदार असते. तार तिथे एका बिंदूवर टेकते आणि संपते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि सपाट दिसते, पण नीट पाहिलं तर पुढच्या बाजूला, म्हणजे दांडीकडे, तिला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार थरथरते तेव्हा खाली येताना ती ह्या उतारावर थोडी टेकते, वर जाताना सुटते. तार टेकायची जागा अशी सतत पुढेमागे होते. ह्या चाटून जाण्यामुळे तारेतला जोर मूळ सुरातून वरच्या स्वरांशांमध्ये (मूळ सुराबरोबर त्याच तारेतून निघणाऱ्या बारीक, चढ्या सुरांमध्ये) जात राहतो. म्हणून तंबोऱ्याची तार छेडल्यावर आवाज नुसता विरत नाही, तो आतल्या आत उलगडतो.

हा उतार एवढा नाजूक असतो की नुसत्या घासण्याने तारेखालची नेमकी जागा सापडणं जवळपास अशक्य. म्हणून तार आणि घोडी यांच्यात दोरा घालतात. दोऱ्याने तार केसभर उचलली जाते आणि तो पुढेमागे केला की तार उताराला कुठे आणि किती चाटेल ते ठरवता येतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर शोधनिबंध लिहिला. एरवी तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे स्थिर राहणारे स्वरांश तिच्यातून निघत नाहीत, असा नियम आहे. तंबोरा तो मोडतो. जे स्वरांश गायब व्हायला हवेत तेही ऐकू येतात. रामन यांनी त्याचं मूळ ह्या घोडीतच दाखवलं.

खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या, तारेतून निघणारा 'स्वयंभू गंधार' हा ह्याच करामतीचा भाग. खर्जाचा पाचवा स्वरांश म्हणजे गंधार. तो पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, सुमारे १४ सेंट, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा सातवा भाग. जवारी चांगली असेल तर हा गंधार कान न ताणता ऐकू येतो, आणि शेजारी पेटीचा गंधार दाबला की दोघांचं भांडण लागतं. पंचमाच्या तारेतून त्याच न्यायाने रिषभ आणि निषाद डोकावतात. दुकानात एवढीच एक परीक्षा घ्यायला वेळ असेल तर ही घ्या: खर्ज एकटा छेडा, सहा-सात सेकंद थांबा, गंधार शोधा. तो नुसत्या खर्रर् आवाजाखाली दबला असेल तर जवारी गरजेपेक्षा जास्त उघडी आहे. गंधारच नसेल, आवाज ठक् होऊन मिटत असेल, तर ती बंद आहे.

मिरजेच्या मालाबद्दल. इथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारे आणि पाजळणारे. हत्यारांची मागणी ओसरल्यावर एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून हे घराणं तंतुवाद्यांकडे वळलं. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले; जवारीच्या बाबतीत चोखंदळ असलेला असा गवई शेजारी असणं कारागिरांच्या कानाला वळण लावणारंच. धातूला बारीक धार लावणारा हात आणि घोडीला केसभर उतार देणारा हात यांत फार अंतर नाही, असं घोडी घासताना बघितलं की वाटतं. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकन गावाला मिळतं, तुमच्या हातातल्या वाद्याच्या जवारीला नाही.

भोपळे सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात, कडू जातीचे, सुकवलेले. दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी) टूनच्या लाकडाची. जेंट्स तंबोऱ्याच्या भोपळ्याचा घेर साधारण ५० इंचांच्या पुढे, लेडीजचा त्याहून कमी. पण घेर बघून तंबोरा ठरवू नका, पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या स्वरावर तुमचा षड्ज येतो तो, बघून ठरवा. पांढरी एक ते पांढरी दोनमध्ये गाणाऱ्याला जेंट्स, काळी चार-काळी पाचवाल्याला लेडीज. लेडीज तंबोरा काळी एकला उतरवून वापरायचा म्हटलं तर तारा सैल पडतात, घोडीवर लोळतात, आणि जवारी कितीही घासली तरी फडफड जात नाही. उलट जेंट्स तंबोरा काळी पाचपर्यंत ताणला तर जोड (मधल्या दोन, षड्जाच्या तारा) तुटते.

मिरजेच्या चांगल्या कारागिराचं खरं कौशल्य घोडीत आहे आणि तिथे हा माल मनापासून आवडतो. चारही तारांचे दोरे जवळजवळ एका ओळीत येतात, म्हणजे माथा सगळीकडे सारखा घासलेला आहे. एखाद्याच तारेचा दोरा बाकीच्यांच्या फार पुढे किंवा मागे न्यावा लागत असेल तर तिथे खोलगट आहे. दोरा सरकवताना प्रत्येक तारेला एकच जागा अशी मिळायला हवी की जिथे आवाज 'उघडतो'. दोन जागी उघडत असेल किंवा कुठेच नीट उघडत नसेल तर माथ्यावर उंचवटा आहे. ही तपासणी दुकानातच करा, आणि स्वतःच्या पट्टीत करा. बरेच जण तंबोरा ज्या पट्टीत लावलेला असेल त्यातच ऐकून घेऊन जातात. पट्टी दोन स्वरांनी चढवली की ताण बदलतो, तार उताराला कमी चाटते, आणि दुकानातली जवारी घरी पोचत नाही. मग दोष कारागिराला.

घोडी कशाची, हा प्रश्न जरूर विचारा. हस्तिदंत आणि सांबरशिंग जुन्या वाद्यांत दिसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते मागू नये आणि कुणी देऊ केलं तर घेऊ नये. आता उंटाचं हाड, शिसवी किंवा आबनूसचं लाकूड आणि फायबर हे पर्याय आहेत. हाडाचा आवाज टोकदार आणि टिकाऊ. लाकडाचा मऊ, पण पोलादी तारा त्यात लवकर चरे पाडतात. फायबर सगळ्यात जास्त टिकतं आणि दमट हवेत बदलत नाही. त्याचा आवाज थोडा काचेसारखा लागतो, हे आमचं मत. रोज दोन तास रियाझ करणाऱ्या विद्यार्थ्याला फायबर किंवा हाड, ध्वनिमुद्रणासाठी दुसरा तंबोरा ठेवणाऱ्याला लाकूड.

तारांच्या जाडीबद्दल दुकानदार फार बोलत नाहीत, आणि हीच ह्या मालाची सर्वांत सामान्य उणीव: जी तार हाताशी आहे ती चढवली जाते. काळी एकच्या जेंट्स तंबोऱ्याला जोडीच्या पोलादी तारा ०.३२ मिमीच्या आसपास, पंचम ०.४० ते ०.४३, खर्ज पितळी किंवा काशाचा, साधारण ०.६०. लेडीजला हे सगळं थोडं बारीक, जोड ०.२८ ते ०.३०. पंचमाऐवजी मध्यम लावून नेहमी गात असाल तर पहिली तार एक नंबर जाड घ्या, कारण मध्यमाला ती आणखी उतरते आणि बारीक तार लोळू लागते. मारवा-पूरिया ह्या रागांसाठी तीच तार निषादापर्यंत चढवता तेव्हा उलटं होतं. पाच तारांचा तंबोरा त्यासाठीच असतो.

उघडी की गोल, ह्या मूळ प्रश्नाकडे. सतारवाल्यांच्या भाषेत रविशंकरांची जवारी खुली, विलायत खाँची बंद. गोल म्हणजे मधली. तंबोऱ्यासाठी घराच्या खोलीत गोल घ्या. उघडी जवारी सभागृहात छान पसरते, पण लहान खोलीत तीच कानात वाळू घातल्यासारखी वाटते, आणि शिकणाऱ्याला षड्ज नेमका कुठे आहे ते सापडत नाही. नव्या घोडीवरची जवारी तारा रुळल्या की आपोआप थोडी उघडते, म्हणून घेताना किंचित मिटलेली बरी.

घरी करायचं ते फक्त दोरा आणि मणी (घोडीच्या खालच्या बाजूला तारेत ओवलेला, सूर बारीक जुळवायचा) एवढंच. साध्या सुती दोऱ्याचा एकच पेड सोडवून घ्या, चार-पाच सेंमी लांब. तार एका हाताने हलकेच उचला, दोरा लंगोटाच्या, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या पट्टीच्या, बाजूने तिच्याखाली घाला, मग तार छेडत छेडत दोन्ही टोकं धरून तो दांडीकडे सरकवा. आवाज आधी ठोकळ असतो, मग एका क्षणी खुलतो, मग पातळ होऊन खर्रर् करतो. खुलल्याबरोबर थांबा. खर्जाला दोरा थोडा जाड चालतो. तार सुरात नसताना दोरा लावत बसू नका. सूर बदलला की जागा बदलते. त्यामुळे क्रम असा: खुंटी, मग मणी, मग दोरा, आणि शेवटी पुन्हा मणी. मणी खाली लंगोटाकडे ढकलला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. मण्याने अर्ध्या स्वराहून जास्त ओढाताण करू नका, ती खुंटीची कामं.

दोरा सरकवूनही तार उघडत नसेल तर घोडीचा माथा बघा. तारेखाली चरा दिसतो का, नखाला लागतो का? लागत असेल तर जवारीला टाकायची वेळ झाली. रोजच्या वापरात वर्षा-दोन वर्षांत ही वेळ येते. ह्यावर घरी सँडपेपर फिरवणं म्हणजे घोडीचं वाटोळं. उतार एकदा सपाट झाला की माथा आणखी खाली उतरवावा लागतो, आणि असं दोन-तीनदा झालं की घोडीच बदलावी लागते. आणि खरखर दरवेळी जवारीचीच नसते. सैल खुंटी, सुटलेली नक्षीची पट्टी, सैल मणी, दांडीच्या टोकाच्या पट्टीत नीट न बसलेली तार, ह्यांतलं काहीही खरखरतं. एका सुरावरच आवाज येत असेल तर बहुधा कुठला तरी भाग सुटलाय. सगळीकडे येत असेल तर घोडी.

पावसाळ्यात तबली दमट हवेने किंचित फुगते, घोडीचा कोन बदलतो आणि मेमध्ये लावलेली जवारी जुलैत बंद वाटते. कोकणात आणि गोव्यात हा त्रास जास्त. लगेच घासायला देऊ नका, आधी दोरा हलवून बघा. दिवाळीनंतर बऱ्याचदा ती परत येते. तारा पुसून ठेवा, गंजलेल्या पोलादी तारेवर कुठलीच जवारी बसत नाही. प्रवासात तारा निम्म्या उतरवा, पण चारही एकदम पूर्ण सैल करू नका. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. ती जागेवरून हलली तर कारागिराने जुळवलेलं सगळं गेलं. खबरदारी म्हणून तिच्या पायांभोवती तबलीवर पेन्सिलीची फिकी खूण करून ठेवावी.

एवढा उपद्व्याप बघून माणूस डब्याकडे वळतो, त्यात नवल नाही. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला तेव्हापासून हा पर्याय आहे. सूर न ढळणं ही त्याची मोठी बाजू, आणि तेवढ्यासाठी नवशिक्याने आधी डबाच घ्यावा. पण डब्यातली जवारी म्हणजे कुणाच्या तरी तंबोऱ्याच्या जवारीची प्रत. एका पट्टीतलं ध्वनिमुद्रण दुसऱ्या पट्टीत ओढलं की तार उलगडण्याचा वेगही ओढला जातो. मूळ पट्टीपासून फार दूर गेलात तर आवाज कार्टूनसारखा लागतो. डबा घेताना म्हणून तुमच्या पट्टीतच ऐका, आणि तारांचा वेग कमी करून ऐका. वेग जास्त असेल तर एकेका तारेचा शेपटा ऐकूच येत नाही, आणि कमअस्सल आवाज लपतो.

मोबाइलमधल्या ॲपचं दुखणं स्पीकरचं. काळी एकच्या खर्जाचा मूळ सूर सुमारे ६९ हर्ट्झ. फोनच्या इवल्या स्पीकरला तो निघतच नाही, कान वरच्या स्वरांशांवरून तो कल्पनेने भरून काढतो. बऱ्यापैकी ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन लावला की चांगली ॲप डब्याच्या बरोबरीने उभी राहतात. परदेशात राहणाऱ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे: मिरजेतच बनणारी चपटी बॉक्स तंबोरी. भोपळा नाही म्हणून घुमारा कमी, पण जवारी घोडीत असते, भोपळ्यात नाही, त्यामुळे तार उलगडते तशीच. मोठ्या तंबोऱ्यापेक्षा न्यायला-आणायलाही सोपी.

तेव्हा ज्यांना सूर लावायला अजून मदत लागते त्यांनी डबा किंवा ॲप घ्यावं, निदान पहिली दोन वर्षं. ज्यांना खुंट्या फिरवून चार तारा पाच मिनिटांत लावता येतात त्यांनी मिरजेला जावं, आपली पट्टी लिहून न्यावी, तारांचे नंबर विचारून घ्यावेत, आणि पैसे देण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: वर्षभराने घोडी आणली तर जवारी कोण करेल, तुम्ही स्वतः की दुकानातला पोरगा? उत्तर ऐकून मग नक्षी बघावी.